खालच्या जोडाची झाळ

सुखदेव, तू गेलास त्याला आज सहा दिवस झाले. तेवढ्यात माझ्या अकोल्याच्या दोन खेपा झाल्या. एक तुला पोहोचवायला आणि एक काल, वहिनींना भेटायला. दोन्ही वेळा अमरावतीहून एस.टी.नं गेलो. जन्मभर जीप हाकली आणि तुझ्याकडे शेवटचं यायला तिकीट काढून खिडकीशी बसलो. पाठ धरली आहे, गुडघे दुखतात, आणि घरात कोणी "चहा घेता का" म्हटलं तरी त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. बायको म्हणते, दोस्त गेला तुमचा, रडून घ्या एकदाचं. रडू काही येत नाही. नुसता शीण आला आहे.

लिहायला बसलोय ते माझ्या सातवी पास मराठीत. तू असतास तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतास, "निरा लांबण लावते हा माणूस." लावणारच. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर जीप पेटली ती कोणामुळे, हे ते भांडण. तू दहा वर्षं म्हणत आलास, "माह्याच हातानं." मी दहा वर्षं म्हणत आलो, जाऊ दे. खरं काय ते दोघांपैकी एकालाच माहीत होतं, आणि तो तू नव्हतास.

आपली ओळखसुद्धा गळतीतूनच झाली. आमच्या खात्याला लढाईनंतरच्या लिलावातली जीप मिळाली होती, डाव्या बाजूला स्टेअरिंग असलेली. नाला असो, नांगरलेलं वावर असो, मेळघाटातला घाट असो, ती कुठूनही निघायची. हिवतापाच्या फवारणीचे पंप, पावडरीची पिंपं, वर साहेब, असं सगळं लादून मी तिला गावोगाव फिरवायचो. पण ती पेट्रोल पीत कमी होती आणि सांडत जास्त होती. मी नवा ड्रायव्हर, अंगात मस्ती. नळीच्या नटाला ओला साबण चोपडला आणि ती खात्याच्या वर्कशॉपात आणून उभी केली. तू तिथला मिस्त्री, खाली वाकून पाहिलंस.

"हे काय व्हय?"

"साबण. पेट्रोलात विरघळत नाई तो."

"मंग तोंडबी धुऊन घ्याचं व्हतं. गळून राह्यलं वरून, अन् तू बुजवून राह्यला खालून."

चार माणसं हसली. मला असा संताप आला की चावी तुझ्या अंगावर फेकून निघून जावं. तुझं लक्षच नव्हतं माझ्याकडे. तू फडक्यानं कारबुरेटर कोरडा केलास, खडूचा तुकडा दगडावर चुरलास आणि तो चुरा तळहातावरून फुंकून वर उडवलास. मग पेट्रोलच्या पंपाची दांडी हातानं खालीवर करत म्हणालास, "आता बोलू नोको. पयलं ओलं कुठी व्हते ते पाय." आपण दोघं डोळे लावून बसलो. नळीपाशी काही उमटलं नाही. ओघळ आला तो कारबुरेटरच्या वरच्या तोंडातून, आणि पांढऱ्या चुऱ्यातून वाट काढत माझ्या साबणापर्यंत उतरला. त्या दिवसापासून मी तुझा झालो.

पुढे तू मला सगळं शिकवलंस. ड्रायव्हरला शिकवायची गरज नव्हती, तरी शिकवलंस. कारबुरेटरच्या वाटीत पितळेचा, वर-खाली जोड असलेला एक पोकळ डबा तरंगत असतो, त्याला फ्लोट म्हणायचं. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि सुईला ढकलून पेट्रोल येण्याचं भोक बंद करतो. फ्लोटला चीर गेली तर तो स्वतःच पेट्रोल पिऊन जड होतो, बुडतो, सुई उघडी राहते आणि पेट्रोल बाहेर. नाहीतर फ्लोट धड असतो आणि सुईच्या बैठकीत, म्हणजे त्या भोकाच्या तोंडाशी, कचरा अडकतो, तरी पेट्रोल बाहेरच. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून तू घाईनं कधी कोणाला दोष दिला नाहीस, सुटे भाग असोत की माणसं असोत.

फ्लोट कानाशी धरून हलवायचा. खुळखुळला तर आत पेट्रोल आहे. मग तो उकळत्या पाण्यात बुडवायचा. जिथून बुडबुडे येतील तिथं चीर. आतलं सगळं पेट्रोल त्या ऊन पाण्यात बाहेर निघू द्यायचं, त्याशिवाय विस्तव जवळ आणायचा नाही. मग नवसागर चोळून, वितळलेल्या कथलानं चीर सांधायची, म्हणजे झाळ द्यायची. आणि झाळ दिल्यावर तुझं खरं काम सुरू व्हायचं. कानशीनं तू ती किसत बसायचास, कागदाएवढी पातळ होईपर्यंत. मी कंटाळून म्हणायचो, "आता काय त्याले पालखीत बसवतं का?" तू म्हणायचास, "वजन वाढलं का तो वर यायले उशीर करते. तेवढ्यात सांडते." हलकी, पातळ आणि पक्की, अशी झाळ अमरावतीत दुसरं कोणी देत नव्हतं. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणतो, तर ऐकायला तू नाहीस.

मोर्शीकडे आमच्या घरी तू एकदा आलास, आठवतं का. संत्र्याच्या बागेतलं विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं. तुझ्या एका हाकेला ते सुरू झालं म्हणायचं, इतक्या लवकर केलंस. आईनं चहा दिला. मला पितळी पेल्यात, तुला कान तुटलेल्या कपात. तू चहा प्यालास, कप विहिरीच्या पाण्यानं विसळलास आणि ओट्याच्या कडेला पालथा ठेवलास. मी पाहिलं. माझा पेला मी रिकामा केला. पुढे छप्पनच्या साली तू नागपूरला जाऊन आलास, घरातले देव बाहेर काढलेस, आणि पुढच्या खेपेला म्हणालास, "तुळशा, इंजिन पाहून देतो, पन चहा आपुन फाट्यावरच्या हाटेलात पिऊ." मी हो म्हणालो. आईला काय सांगायचं, म्हातारी आहे, असं मनाशी म्हटलं. बोलायची वेळ आली की माझ्याजवळ असं एखादं कारण नेहमी तयार असतं.

तरी आपलं जमलं होतं. मेळघाटात जायचं तर मी साहेबांना सांगायचो, सुखदेव सोबत पाहिजे, गाडीचा भरवसा नाही. गाडीचा भरवसा होता. मला तू सोबत पाहिजे होतास. घाटात इंजिन तापलं की आपण दगडावर बसायचो, तू तुझ्या डब्यातली भाकर काढायचास, मी माझी, आणि हळूहळू कोणाची कोणती ते राहिलं नाही. जंगलात मी तुझ्या हातचं खात होतो. आमच्या आईसमोर खाल्लं असतं का, हे तू मला कधी विचारलं नाहीस.

आता मूर्तिजापूरचं.

फ्लोटला पुन्हा चीर गेली होती आणि नवा मिळत नव्हता, मुंबईहून यायचा होता. साहेबांना दुसऱ्या दिवशी अकोल्याला बैठकीला पोहोचायचं होतं. तू आदल्या दुपारी बसून खालच्या जोडाला झाळ दिलीस. मी समोर होतो. तू घाई केली नाहीस. तीन वेळा उकळत्या पाण्यात बुडवून पाहिलास, एक बुडबुडा आला नाही. मग जाताना मला बजावलंस. वर्कशॉपातल्या पिंपाच्या तळाला गंज साचला होता, आणि पेट्रोल गाळायचं मऊ कातडं फाटलं होतं, जाळीतूनच गाळावं लागणार होतं.

"बारीक जायीतून दोनदा गाय. कापूस नोको लावू."

"कावून?"

"तंतू सोडते तो. सुईच्या बैठकीत जाऊन बसन."

आणि मला, सुखदेव, कापसाचा राग आला. दिवस कापसाचे होते, बाजारात गाड्यांच्या रांगा लागलेल्या. आमच्या घरी कानात कापूस, जखमेवर कापूस, दिव्यात कापूस. आम्ही कापसात वाढलेली माणसं, आणि हा मला कापूस काय आहे ते सांगतो. घरून उशीसाठी आणलेला पिंजलेला कापूस माझ्या पेटीत होता, पांढराशुभ्र, सरकीचा एक दाणा नाही. सकाळी त्याचा बोळा करून फनेलमध्ये बसवला आणि त्यातून पेट्रोल भरलं. गंजाचा एक कण खाली गेला नाही. स्वतःवर खूश झालो. तुझी आई लोकांच्या वावरात कापूस वेचता वेचता म्हातारी झाली. कापूस तुला माझ्याहून जास्त कळत होता, हे मला त्या सकाळी सुचलं नाही.

अकोल्याला तुझं काही सामान घ्यायचं होतं, म्हणून तूही मागे बसलास. बडनेरा मागे पडलं. मूर्तिजापूर दोनतीन मैलांवर असेल, तेव्हा तू मागून म्हणालास, "तुळशा, वास येऊन राह्यला."

"तुले सदाच वास येते."

"थांबव. एकडाव पाहू दे."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी थांबवली नाही. अर्ध्या मैलानं इंजिन खोकललं, फाट असा आवाज झाला आणि बॉनेटच्या फटीतून जाळ निघाला. साहेब उडी मारून वावरात पळाले. मीही पळालो. हे तू नंतर कोणाला सांगितलं नाहीस, पण मीही पळालो. तू उलटा बॉनेटकडे गेलास. बॉनेट उघडलंस, पेट्रोलची नळी ओढून काढलीस आणि तिचं तोंड डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाबून धरलंस. जाळ तुझ्या मनगटापर्यंत होता. "माती टाक," म्हणालास. ओरडला नाहीस, काम सांगतात तसं म्हणालास. मग मी ओंजळीनं काळी माती टाकत सुटलो. आग विझली तेव्हाच तू अंगठा काढलास.

एका ट्रकनं जीप ओढून मूर्तिजापूरला आणली. तुला दवाखान्यात पाठवलं. साहेब स्टेशनात जाऊन बसले, अकोल्याच्या गाडीची वाट बघत. मी स्टेशनाबाहेर लिंबाखाली कारबुरेटर उघडला. आग बाहेरच्या बाहेर होती, आत वाटीत अजून पेट्रोल होतं. फ्लोट काढला, कानाशी धरून हलवला. आवाज नाही. चहावाल्याकडून उकळतं पाणी घेतलं, त्यात बुडवला. एकही बुडबुडा नाही. तू शिकवलेल्या रीतीनंच मी तुझं काम तपासलं, आणि ते शंभर टक्के बरोबर निघालं. मग सुई काढली. बैठकीत ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा पुंजका होता. बोटाच्या टोकावर घेतला. आमच्या घरचा कापूस मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. "काय निघालं?" म्हणाले. माझ्या बोटावर तो पुंजका होता. मी मूठ मिटली. त्यांनीच पुढं विचारलं, "फ्लोटला कालच झाळ दिली ना? कोणी दिली?"

"सुखदेवनं, साहेब."

"तरीच," म्हणाले आणि गाडी आली म्हणून निघून गेले.

त्या "तरीच"मध्ये काय होतं ते मला लगेच कळलं. माझ्या एखाद्या नातेवाईकानं झाळ दिली असती तर त्यांनी दोनदा विचारलं असतं, स्वतः वाकून पाहिलं असतं. तुझं नाव ऐकल्यावर पाहायचं काही उरलं नाही त्यांना. मी तेव्हा हंगामी नोकर होतो, कायम व्हायचं माझं प्रकरण त्यांच्याच टेबलावर होतं. कापूस मी पँटीला पुसून टाकला. इथवर मी नुसता गप्प होतो.

पण फ्लोट धड होता. तू येणार, तो हातात घेणार, हलवणार, पाण्यात टाकणार. तुला फसवणं साहेबांना फसवण्याइतकं सोपं नव्हतं. म्हणून मी पेचकसाचं टोक खालच्या जोडात घातलं आणि दाबलं. तुझी झाळ इतकी पक्की होती की पहिल्यांदा सुटली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा गुडघ्यावर धरून जोर लावला तेव्हा नखाएवढी उघडली.

तू आलास, हाताला पांढरी पट्टी. "काय निघालं?"

"झाळ सुटली. खालच्या जोडातून."

तू फ्लोट उजव्या हातात घेऊन किती तरी वेळ पाहत होतास. मला वाटलं, आता ओळखतो. पेचकसाचा ओरखडा तुझ्या नजरेतून सुटायचा नाही. पण माणूस दोस्ताच्या बोलण्याची तपासणी करत नाही. तू म्हणालास, "असन बाप्पा. माहाच हात चुकला असन." आणि मला म्हणालास, "तुले काई लागलं तर नाई ना?"

तेव्हाच सांगायचं होतं, सुखदेव. तो क्षण गेला तो गेलाच.

पुढचं तुला माहीत आहे. हेड मिस्त्रीची जागा तुझी होती, सगळे तसंच धरून चालले होते. ती दुसऱ्याला मिळाली. तुला अकोल्याच्या वर्कशॉपात पाठवलं. मी कायम झालो. दोन वर्षांनी तू नोकरी सोडून जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या गल्लीत, दुकान टाकलंस. डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती, तरी सगळी कामं करायचास. मी अकोल्याला आलो की जीप तुझ्याच दारात. लोक म्हणायचे, बघा, इतक्या वर्षांचा दोस्ताना, ड्रायव्हर चहा प्यायला दुसरीकडे जात नाही. मी का येत होतो ते मलाही नीट सांगता येत नाही. तुझी आठवण यायची हे खरं. तू अजून ठीक आहेस हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही हेही खरं.

आणि तू तो फ्लोट जपून ठेवला होतास. दुकानात खिळ्यावर टांगला होतास. शिकायला आलेल्या प्रत्येक मिस्त्रीला तो काढून दाखवायचास. "हे पाय, अशी झाळ द्याची नाई. हे माह्या हातचं हाय." मी तिथंच स्टुलावर बसून चहा पीत असायचो. एकदाही कप खाली ठेवून उठलो नाही.

त्याहून वाईट म्हणजे तू खालच्या जोडाला दुप्पट कथील द्यायला लागलास. तू, ज्यानं मला शिकवलं की वजन वाढू द्यायचं नाही. फ्लोट जड व्हायचा, पेट्रोल चढायचं, गिऱ्हाईक परत यायचं. मग तू दुसऱ्या बाजूनं किसत बसायचास, वाकत नसलेल्या बोटांमध्ये तो धरून. अर्धा अर्धा दिवस. मी एकदा चिडलोच. म्हटलं, "तुह्या आधीच्या झाळीले काय झालं व्हतं? आता हे काय लावलं?" तू डोकं वर न करता म्हणालास, "आधीचीनं जीप जाळली ना बे." मी उठून बाहेर गेलो आणि टायरला लाथ मारली.

मागच्या दिवाळीनंतर तू मला शेवटचं विचारलंस. दुकानात कोणी नव्हतं. "तुळशा, मी त्या दिवशी तीन डाव पान्यात पायला व्हता. एक बुडबुडा नव्हता. मंग कसा सुटला असन?" तुझ्या आवाजात संशय नव्हता. तुला खरंच कळत नव्हतं आणि कळून घ्यायचं होतं. मिस्त्री म्हणून तुझ्या आयुष्यात हे एकच कोडं राहिलं होतं. मी काय म्हणालो माहीत आहे ना. "सोड ना बे. किती जुनी गोष्ट उकरतं." वर तुलाच झापलं. तू हसलास आणि चहा सांगितलास.

त्या दिवशी तुझ्या अंत्यविधीला आलेले दोन मिस्त्री माझ्या मागे उभे होते. आपापल्या गॅरेजचे मालक आहेत आता. एक दुसऱ्याला सांगत होता, उस्तादाचा नियम, खालच्या जोडाला डबल कथील. दुसरा म्हणाला, मीबी तसंच देतो. मी मागे वळलो नाही. माझं खोटं अकोल्यातल्या किती कारबुरेटरांत जाऊन बसलं आहे, देव जाणे.

म्हणून काल वहिनींकडे गेलो. दारात जयभीम घातला. त्या दुकानातच होत्या, तुझी हत्यारं फडक्यानं पुसून एकेक पेटीत ठेवत होत्या. मी स्टुलावर बसलो आणि पाणी प्यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर बोललोच नसतो. कापसाचं सांगितलं. तू नको म्हणाला होतास तेही सांगितलं. मी बोळा लावला, तंतू सुईत अडकला, म्हणून जीप पेटली.

वहिनींनी फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे ह्यायची झाळ चांगली व्हती?"

"चांगली व्हती, वयनी. तिचा काई दोष नव्हता."

त्यांच्या डोळ्यांना धार लागली, पण चेहरा हलका झाला. असा हलका चेहरा मी तू गेल्यापासून पाहिला नव्हता. "झोपेत सुदिक बोटं चोळत राहे हा माणूस," म्हणाल्या. "कुठी चुकलो म्हने." मग मलाच समजावायला लागल्या. "कापसाचं काय, भाऊजी. मानसाच्या हातून व्हते. तुमी काई मुद्दाम थोडीच केलं."

मी मान हलवली. मुद्दाम नाही म्हणून.

त्या उठल्या, खिळ्यावरचा फ्लोट काढला आणि उजेडात धरला. मिस्त्र्याची बायको आहे, वीस वर्षं हे सगळं पाहत आली आहे. खालच्या जोडावरून बोट फिरवत म्हणाल्या, "मंग भाऊजी, हे इथी उघडलं कावून?"

दहा वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न आला, सुखदेव, आणि या खेपेला माझ्यावर कोणता साहेब नव्हता, कुठलं प्रकरण कोणाच्या टेबलावर नव्हतं. पुढच्या साली मी रिटायर होतो आहे. मला कोणाची भीती नव्हती.

मी म्हणालो, "आगीनं सुटली असन, वयनी."

त्यांनी ते मानलं. तुझ्यासारखंच लगेच मानलं. मला चहा करून दिला, जेवून जा म्हणाल्या. मी एस.टी. चुकेल म्हणून निघालो.

येताना पूर्ण वाटभर मला झोप लागली, इतका थकलो होतो. सकाळी उठून हा कागद घेतला. तुला सांगायचं होतं ते वर सगळं लिहिलं आहे, पेचकसासकट. रविवारी तुझं पुण्यानुमोदन आहे, मिस्त्री सगळे येतील. त्याआधी हा कागद वहिनींच्या हातात द्यायचा असं ठरवलं होतं. देऊन निघून यायचं, म्हणजे तोंड बघावं लागणार नाही. पण वहिनींना वाचता येत नाही, हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. तुझी पोरगी वाचून दाखवेल, शिकलेली आहे. पण हे शब्द तिच्या तोंडात घालायचे नाहीत.

तेव्हा मलाच वाचावं लागेल. त्यांच्यासमोर बसून, मोठ्यानं.